काठीला बसवलेल्या कळ्या

घागऱ्याला कळ्या किती घ्यायच्या, कशा घ्यायच्या, यावर आपण तासभर बोलू शकतो. वर निमुळती, खाली रुंद होत जाणारी ती पट्टी. एखादी कळी बोटभर कमी पडली की सगळा घेर एका अंगाला ओढला जातो आणि मग कितीही इस्त्री करा, ते झाकत नाही. आज मी कळ्यांबद्दलच लिहिणार आहे, पण कापडाच्या नव्हे, लाकडाच्या. त्या बसवतात पूल आणि स्नूकर खेळायच्या काठीत. तिला म्हणतात क्यू.

आता तुम्ही म्हणाल, हा काय आपल्या पुरवणीचा विषय झाला? तालुक्याच्या गावीसुद्धा आता बाजारपेठेत एखादं पूल पार्लर दिसतं, काळ्या काचेचं. आपण त्याच्यावरून जाताना पदर सावरतो आणि आत आपला मुलगा नसला म्हणजे मिळवलं, एवढाच विचार करतो. खरं तर हा खेळ आपल्याला इतका परका नाही. स्नूकर जन्मला तो आपल्या शेजारच्या जबलपूरला, १८७५ साली, ब्रिटिश फौजेच्या मेसमध्ये. नेव्हिल चेंबरलेन नावाच्या तरुण अधिकाऱ्याने तो सुरू केला (पुढे पंतप्रधान झालेले चेंबरलेन ते वेगळे बरं का). १९५८ साली बिलियर्ड्सचं जागतिक अजिंक्यपद मिळवून देणारे विल्सन जोन्स तर पुण्यात जन्मलेले. आणि बायकांचं म्हणाल तर आपली विद्या पिल्लई २०१७ साली जागतिक महिला स्नूकरच्या अंतिम सामन्यापर्यंत पोचली होती. पण मला आज खेळाबद्दल नाही, त्या काठीबद्दल सांगायचंय.

माझा भाचा दिवाळीला आला तो क्यू घेऊनच. सगळे फराळात, आणि मी ती काठी उलटसुलट करून बघत बसलेली. पुढून फिक्या, पिवळसर लाकडाची. मागे काळपट लाकूड. आणि जिथे दोन्ही भेटतात तिथे काळ्या लाकडाचे चार सुळके फिक्या लाकडात वर चढत गेलेले, सुईसारख्या टोकाचे. प्रत्येक सुळक्याच्या कडेने हिरवी, नारिंगी, पांढरी अशी बारीक रेघ. बघणाऱ्याला वाटावं रंगवलंय. पण रंगाचा एक थेंब नाही, सगळं लाकूडच. ब्लाउजच्या गळ्याला आपण पायपिंग लावतो ना, तसं लाकडाला लाकडाचंच पायपिंग! तेव्हापासून हे कसं करतात ते मिळेल तिथून वाचत आणि विचारत गेले.

क्यू साधारण ५८ इंच लांब असते. वजन अर्धा किलोच्या जरासं वर. पुलाच्या क्यूचं टोक १२-१३ मिलिमीटर जाड, स्नूकरच्या क्यूचं ९-१० मिलिमीटर, आणि मागे ती जाड होत जाते. पुढचा भाग हलका, सरळ धाग्याचा आणि किंचित लवचीक हवा, म्हणून तिथे मेपल किंवा ॲशचं लाकूड. मागच्या हाताला वजन हवं, म्हणून तिथे आबनूस किंवा शिसवीसारखं जड लाकूड. म्हणजे दोन वेगळ्या स्वभावाची लाकडं एकत्र नांदवायची. तीही अशी की हजारो वेळा चेंडूवर ठोका बसला तरी सांधा हलता कामा नये.

इथे खरी मेख आहे. लाकूड म्हणजे एका दिशेने जाणाऱ्या धाग्यांची जुडी, आपल्या खराट्यासारखी. दोन खराटे टोकाला टोक लावून बांधून बघा, जमणार नाही. तेच एकाच्या काड्या दुसऱ्याच्या काड्यांत खोल खुपसल्या तर घट्ट बसतात. लाकडाचंही तेच. आडवं कापलेलं टोक डिंक पिऊन टाकतं आणि तिथला जोड कच्चा राहतो. धाग्याच्या बाजूने बाजू चिकटवली तर मात्र तो जोड लाकडाइतकाच मजबूत होतो. म्हणून दोन्ही लाकडांना लांबलचक बोटं कापायची आणि आपण हाताची बोटं गुंफतो तशी ती एकमेकांत गुंफायची. मी कागदावर मांडून बघितलं. सत्तावीस मिलिमीटर जाडीच्या काठीचं नुसतं टोक सहा चौरस सेंटिमीटरही भरत नाही, पण वीस सेंटिमीटर लांबीच्या बोटांच्या सगळ्या बाजू मोजल्या तर चिकटणारी जागा दहा-पंधरा पट सहज होते. सुळके दिसायला सुंदर म्हणून नाही आले, ते पकडीसाठी आले. सौंदर्य मागाहून आलं.

या जोडाच्या रीती तीन. इंग्लंडातली जुनी रीत हाताची. ॲशच्या दांड्याच्या समोरासमोरच्या दोन बाजू रंध्याने उतरत्या सपाट करायच्या, त्यावर आबनूसच्या फळ्या चिकटवायच्या. सुकल्यावर उरलेल्या दोन बाजूंना तेच. मग सगळं मिळून रंध्याने गोल करत आणायचं. यात वरचं टोक सुईसारखं न येता मऊ कमानीसारखं येतं. दुसरी रीत यंत्राची, दोन्ही लाकडांना बोटं कापून एकमेकांत घुसवायची. याला पूर्ण सांधा म्हणू. यात सगळ्या बाजू एकाच वेळी बसाव्या लागतात, एकही फट चालत नाही. तिसरी रीत अमेरिकेत जास्त चालते, ती अर्ध्या सांध्याची. पुढच्या लाकडात फक्त चार खाचा पाडायच्या, त्यांत दुसऱ्या लाकडाच्या पट्ट्या भरायच्या आणि मग तो भाग मुठीच्या भागाला मधोमध खुंटी आणि स्क्रूने जोडायचा. भाच्याची क्यू या तिसऱ्या जातीची.

या सगळ्यात मला सर्वांत जास्त काय आवडलं असेल तर तो म्हणजे जिग. वर्कशॉपमध्ये हाच शब्द वापरतात. आपल्या भाषेत साचा म्हणा, पण मोदकाच्या साच्यासारखा आकार देणारा नव्हे. जिग लाकूड अचूक धरून ठेवतो आणि पातं कुठून कुठवर जाईल ते ठरवून देतो. रांगोळीच्या ठिपक्यांचा भोकं पाडलेला कागद आठवतोय? आपण वहीच्या पानावर अगरबत्तीने भोकं पाडायचो, तो अंगणात ठेवून वरून रांगोळी फिरवली की पंधरा ते एक ठिपके सरळ रेषेत. तो कागद म्हणजे जिगच. एकदा डोकं लावून नीट केला की नंतर घरातली लहान मुलगीही बरोबर ठिपके काढते.

सुळक्यांसाठीचा जिग असा. पाटाएवढी लांबट बैठक, तिच्या दोन्ही टोकांना एकेक उभा ठोकळा. दोन्ही ठोकळ्यांत समोरासमोर टोकदार सेंटर, त्यांच्यामध्ये लाकडाचा दांडा अडकवायचा, म्हणजे तो जागच्या जागी गोल फिरतो. दांड्याच्या एका टोकाला चकती, आणि तिला चार खाचा, घड्याळातल्या बारा, तीन, सहा आणि नऊच्या जागी. खाचेत खिटी घातली की दांडा तसूभरही फिरत नाही. वर राऊटर, त्याला काटकोनी टोकाचं पातं, उंची कायमची बांधलेली. आता गंमत बघा. दांड्याचं मागचं टोक पाचर घालून जरासं उचलायचं. बैठक पात्याखालून सरकवली की उचललेल्या टोकाला खाच खोल पडते आणि पुढे पुढे उथळ होत शेवटी आपोआप संपते. तेच सुळक्याचं टोक! कोणी हाताने टोक काढत नाही. खिटी काढा, चकती एक घर फिरवा, खिटी घाला, पुन्हा सरकवा. चार वेळा तेच. पाचर तीच, पात्याची उंची तीच, म्हणून चारही सुळके सारखे.

खाच काटकोनी असते, म्हणून तीत चौकोनी पट्टीचा कोपरा जसाच्या तसा बसतो. फक्त ती पट्टी गुण्याला लावून खरोखर काटकोनात असली पाहिजे. रंगीत रेघ हवी असेल तर बसवण्याआधी पट्टीच्या दोन बाजूंना रंगवलेले विनिअर चिकटवतात, अर्ध्या-पाऊण मिलिमीटरचे, एकावर एक दोन-तीन-चार. कोपऱ्यावर ते तिरके कापून असे भिडवतात की रेघ तुटत नाही. आपण चौकोनी रुमालाला काठ लावताना कोपरा तिरका मुडपतो, तस्सं. त्यासाठीही वेगळा जिग, इंग्रजी व्ही अक्षराच्या आकाराचा ठोकळा, ज्यात ते सगळं घट्ट दाबून सुकेपर्यंत ठेवतात. मग पट्टी खाचेत, भरपूर डिंक, आणि वरून रबर किंवा दोरी करकचून गुंडाळायची.

एवढी अचूकता कशाला, असं कोणी विचारलं तर हिशेब करून बघा. सुळका वीस सेंटिमीटर लांब, मुळाशी आठ मिलिमीटर खोल. म्हणजे खोलीत एक मिलिमीटरचा फरक झाला की लांबीत पंचवीस मिलिमीटरचा होतो. पंचवीस पट! खाच एक दशांश मिलिमीटर जास्त खोल गेली, म्हणजे साधारण कागदाच्या जाडीइतकी, की तो सुळका शेजारच्यापेक्षा अडीच मिलिमीटर उंच. डोळ्याला लगेच खुपतो. आणि पुढे लेथवर गोल करताना दांडा मध्यापासून पाव मिलिमीटर जरी सरकला तरी एका बाजूचा सुळका सहा मिलिमीटर आखूड होतो, समोरचा तेवढाच लांब, म्हणजे दोघांत सव्वा सेंटिमीटरची तफावत. चूक आधीच होऊन गेलेली असते, आत लपून बसलेली. लेथवर वरचं लाकूड निघून गेलं की ती बाहेर येते. तोवर महिनोन्‌महिने मुरवलेलं लाकूड, विनिअर, डिंक, मेहनत, सगळं वाया.

महिनोन्‌महिने म्हणाले ते उगीच नाही. चांगला कारागीर क्यू एका बैठकीत गोल करत नाही. थोडं उतरवायचं आणि काठी उभी टांगून ठेवायची. लाकडाच्या आतला ताण सुटतो, वाकायचं असेल तर ते वाकून घेतं. काही आठवड्यांनी पुन्हा थोडं. लोणचं मुरायला जसं सोडून द्यावं लागतं तसं हे. घाई केली तर काठी गिऱ्हाइकाच्या घरी जाऊन वाकते.

आता अमेरिकेतली एक गोष्ट सांगते. जॉर्ज बालाबुश्का हे रशियात जन्मलेले, लहानपणी अमेरिकेत आलेले गृहस्थ. न्यूयॉर्कमध्ये लाकूडकाम करायचे. बँडसॉवर त्यांच्या एका बोटाचा भाग गेला होता. १९५९ साली त्यांनी क्यू बनवायला घेतल्या, आणि १९७५ साली ते गेले तोपर्यंत खेळाडूंमध्ये त्यांच्या क्यूचं नाव झालं होतं. पुढे १९८६ साली 'द कलर ऑफ मनी' हा सिनेमा आला, त्यात पॉल न्यूमन टॉम क्रूझला बालाबुश्काची क्यू देतो आणि ते नाव जगभर पोचलं. (पडद्यावरची ती क्यू मात्र बालाबुश्काची नव्हतीच, दुसऱ्या कंपनीची तशी दिसणारी होती. सिनेमावाले कुठलेही असोत, सारखेच!) पण मला भावली ती वेगळीच गोष्ट. एवढ्या नावाजलेल्या माणसाने सुळक्यांचा सांधा बहुतेक वेळा स्वतः केलाच नाही. सुरुवातीला ते ब्रन्सविक या जुन्या कंपनीच्या टायटलिस्ट नावाच्या तयार क्यू घ्यायचे, त्यांतला पूर्ण सांधा कंपनीच्या यंत्रावर केलेला असायचा, आणि त्यावर आपलं काम करायचे. शिकागोचे हर्मन रॅम्बो यांनीही अशाच तयार क्यू घेऊन, मधून कापून, त्यांना जोड बसवून नाव कमावलं होतं. पुढे बालाबुश्कांना सांधलेले दांडे पुरवले शिकागोच्या बर्टन स्पेन यांनी, आणि नंतर गस झांबोटी यांनी.

बर्टन स्पेन यांचं काम मुख्यतः तेच, सांधा. त्यासाठी लागणारी अवजारं आणि जिग त्यांनी स्वतः जमवले. काठीवर नाव दुसऱ्याचं आणि पोटातला सांधा यांचा. १९९४ साली ते वारले, आणि त्यांच्याजवळ काम शिकलेल्या जोएल हर्सेक यांनी ते पुढे चालवलं. या धंद्यात वारसा म्हणजे जिग. पुष्कळ कारागीर क्यू दाखवतात, जिग दाखवत नाहीत. शेजारणीने अनारसे द्यावेत आणि जाळी कशी पडते ते सांगू नये, तसलाच प्रकार.

इथे मला थोडं स्पष्ट बोलायचंय. "हात बसायला हवा, दहा वर्षं वस्तादाच्या हाताखाली काढावी लागतात" हे आपण सुतारकामाबद्दल ऐकत आलो. खोटं नाही ते. पण ती दहा वर्षं आजवर कोणाला मिळाली? सुताराच्या घरातला मुलगा वडिलांसोबत कामावर जायचा. मुलगी भुसा गोळा करून चूल पेटवायची. रंधा आणि पटाशी तिच्या हाती कधी आलीच नाही. गावोगावी बचत गटांच्या बैठकांना मी जाते. पापड, अगरबत्ती, शिवण, फार तर मेणबत्त्या. लाकूडकामाचं नाव काढलं की आधी बायकाच हसतात आणि मग म्हणतात, "ताई, त्याला पुरुषाचा हात लागतो." मग ज्यांना वस्ताद मिळाला नाही त्यांच्यासाठी जिग म्हणजे काय? वस्तादाच्या हातातली अचूकता त्याच्या हातातून काढून लाकडी चौकटीत बसवलेली. पाचर ठरलेली, चकतीची घरं ठरलेली. शिवाय दांडा जिगने धरलेला असल्याने बोटं पात्यापासून लांब राहतात. ताकद यंत्राची लागते, आपल्याला लागते ती मोजायची आणि धीर धरायची सवय. ती आपल्याकडे नाही, असं कोणी म्हणून दाखवावं!

"मग ते काय कसब झालं? साच्यातलं काम." हेही ऐकायला मिळतं. अगदी इंग्लंडातल्या क्यूवाल्यांमध्येही हाताचा सांधा श्रेष्ठ की यंत्राचा, हा वाद आहेच. आपल्याकडे हातवळणीचे मोदक आणि साच्यातले मोदक यावरून दर गणपतीला जे होतं तेच. मला हाताचा सांधा अधिक देखणा वाटतो, ती मऊ कमान काही औरच. पण जिगचं काम कमी प्रतीचं हे मला मान्य नाही. कारण जिग विकतचा सहसा मिळत नाही, तो ज्याचा त्याने बांधायचा असतो. किती उतार म्हणजे किती लांबीचा सुळका, हे आधी कागदावर सोडवावं लागतं. तो जिग बांधणारी व्यक्ती खरी कारागीर. आयटीआयमध्ये सुतारकामाचा अभ्यासक्रम मुलींनाही खुला आहे. घरात दहावी झालेली, भूमितीत रमणारी मुलगी असेल तर तिच्यापुढे ही वाट ठेवायला काय हरकत आहे? क्यू नाही तर दारं-खिडक्या, खेळणी, देव्हारे करील. उतरता काप, काटकोन आणि चकतीवरचे भाग सगळीकडे तेच.

लाकडाबद्दलही दोन शब्द. पूर्वी क्यूच्या जोडांना आणि नक्षीला सर्रास हस्तिदंत लावत. १९८९ साली त्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंदीचा निर्णय झाला. शिसवीच्या कुळातली लाकडं २०१७ पासून साइट्स या आंतरराष्ट्रीय कराराखाली आली, त्यात आपली शिसवीही आहे, आणि परदेशी पाठवायला कागदपत्रं लागतात. त्यामुळे दुर्मीळ लाकडाची एक पट्टी वाया घालवणं हा आता नुसता पैशाचा प्रश्न उरलेला नाही.

आणि हो, घरात कोणी क्यूसाठी हट्ट धरून बसलं असेल तर पैसे देण्यापूर्वी काठी स्वतः हातात घ्या. स्वस्त क्यूवर सुळक्यांचं नुसतं चित्र असतं, चिकटवलेलं किंवा छापलेलं. ओळखायचं कसं? सुळक्याच्या आतले लाकडाचे धागे बघा. खऱ्या सुळक्यात धागे शेजारच्या लाकडाहून वेगळे असतात, रंग आणि पोत दोन्ही बदलतात, आणि उजेडात तिरकी धरली की जोडाची बारीक रेघ दिसते. छापील सुळके चारही तंतोतंत एकसारखे, एका केसाचाही फरक नाही. खऱ्यांत थोडासा असतोच. तो एक-दोन मिलिमीटरचा असेल तर हरकत नाही, बोटभर असेल तर काठी मध्यावर फिरवलेली नाही असं समजा. दुकानदाराला काही न विचारता काठी सपाट टेबलावर ठेवून हळूच लोटून द्या. सरळ काठी एकसारखी गडगडत जाते. वाकलेली असली तर मधोमध उजेडाची फट दिसते, मिटते, पुन्हा दिसते.